नव्वद फोडींचा गोळा

टुक् असा आवाज झाला. भांड्यात पाण्याचा थेंब पडावा एवढाच. पण पोर निजलेलं असलं की आईच्या कानांना धार येते. तिने आधी पलंगाकडे पाहिलं. ठकीने कूस बदलली, अंगठा तोंडात गेला, आणि पुन्हा तो मांजराच्या गुरगुरण्यासारखा श्वास सुरू झाला. मग तिने खाली वाकून पाहिलं. टेबलाच्या पायाशी निळ्या कागदाची फोड पडली होती. तिसऱ्यांदा. बरोबर खोचली होती, जीभ खिशात घातली होती, नखाने दाबलीही होती. आणि हात काढून घेतल्यावर दहा मोजायच्या आत ती गोळ्यातून निसटून खाली आली, जणू हे घर तिला पसंत नव्हतं.

फोडी हा तिच्या आईचा शब्द. संत्र्याच्या असतात तशा. एक चौकोनी कागद घ्यायचा, मधोमध घडी, दोन्ही कडा त्या घडीवर आणायच्या, मग समोरासमोरचे दोन कोपरे आत वळवून खोचायचे. राहतो एक कलंडलेला चौकोन, पुढून त्याला दोन खिसे आणि टोकांना दोन जिभा. एकीची जीभ दुसरीच्या खिशात. तीन फोडींचं एक टोक होतं, आणि नव्वद फोडी जमल्या की साठ टोकांचा, कलिंगडाएवढा गोळा. गोंद नाही, दोरा नाही. एकमेकींना धरून राहायचं, बस. आईने सव्वीस वर्षं कागदाच्या दुकानात भेटवस्तू बांधायच्या टेबलापाशी उभं राहून काढली होती. कापून उरलेल्या कागदाच्या पट्ट्या ती पिशवीत घालून घरी आणायची आणि त्यातून कोल्हे, हत्ती, बेडूक, चौरंगी डब्या आणि चांदण्या काढायची. निवृत्तीच्या दिवशी मालक म्हणाले होते, "नवं दुकान उघडतोय, मावशी. दारावर टांगायला तुमच्या हातचं काहीतरी द्या." आईने नुसती मान हलवली होती. आईने मान हलवली म्हणजे दगडावरची रेघ. अठ्ठावन्न फोडी तिने घातल्या, त्यातल्या चाळीस जोडून वाडग्यासारखा अर्धा गोळा केला, अठरा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पत्त्यांसारख्या उभ्या लावून ठेवल्या. आणि एका सकाळी चहाचा कप तिच्या हातातून सुटला. डॉक्टर म्हणाले, हलका झटका आहे. उजवा हात परत येईल, नाहीतर येणार नाही. डॉक्टरांचीही मान हलवायची एक पद्धत असते.

उद्घाटन शनिवारी. आज सोमवार. अर्धा गोळा आणि डबा लेक आपल्या घरी घेऊन आली होती. उरलेल्या बत्तीस फोडी घालायच्या होत्या आणि तिला वाटलं होतं, त्यात काय. चौथ्या वर्षापासून घालत आलेय. ठकी दुपारी दीड तास झोपते, तेवढ्यात आठ-दहा तर सहज होतील. दोन दिवसांत तिने बाराचा पल्ला गाठलाही होता. आज त्या जोडायला घेतल्या आणि पहिलीच टिकेना. कागद जाड असेल म्हणून दुसरी घेतली, चंदेरी. ती तर आत शिरेचना. जीभ खिशाकडे नेली की खिसा दुसरीकडेच तोंड करून बसलेला. तिने आईच्या डब्यातली पहिली फोड काढली, आपल्या निळीच्या शेजारी ठेवली, आणि बघत राहिली. आईची फोड खिडकीकडे कलली होती. हिची दाराकडे. उचलून, फिरवून, उलटी-सुलटी करून पाहिलं, फरक जाईना. एका जोडीतल्या चपला असाव्यात, तशा. दोन्ही सारख्या, आणि एकीच्या जागी दुसरी कधीच चालायची नाही.

खुर्चीत मागे टेकून ती बसून राहिली. खालच्या रस्त्यावरून कुणीतरी लोखंडी शटर ओढत होतं. हे इतकी वर्षं कसं कळलं नाही? पण कळणार कुठून. बेडूक उलटा झाला म्हणून उडी मारायचा राहत नाही. हत्तीची सोंड या बाजूला वळली काय नि त्या बाजूला काय, हत्ती तो हत्तीच. दोघींनी घातलेली जनावरं एकाच फळीवर उभी असायची, आईची भिंतीकडे बघणारी, तिची दाराकडे. पाहुणे म्हणायचे, वा, किती छान गप्पा मारताहेत. गोळा मात्र दोघींनी मिळून कधी केलाच नव्हता. आई स्वतःचे करायची, ही स्वतःचे. एकमेकींच्या फोडींना एकमेकींच्या खिशात जायची वेळच आली नव्हती.

आणि मग तिला टेबल दिसलं. हे नाही, ते. कडांना पत्रा ठोकलेलं, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवलेलं जुन्या घरातलं टेबल. संध्याकाळी दुकानातून आल्यावर आई तिथे बसायची. तिच्या शेजारच्या खुर्चीत दादा, पाढे घोकत, आईचं कोपर त्याच्या वहीवर. आणि ही समोर. हनुवटी टेबलावर टेकवून. कुणी तिला म्हणालं नव्हतं की ये, शिकवते. ती बघायची. आईने कड स्वतःकडे ओढली की हीसुद्धा स्वतःकडे ओढायची. आईचा हात खिडकीच्या बाजूला गेला की हिचाही खिडकीच्या बाजूला जायचा. आरशासमोर बसावं तशी ती आईसमोर बसली होती, दोन-तीन वर्षं, रोज संध्याकाळी, आणि आरशात जे दिसतं तेच शिकली होती. आईने एकदा तिची चांदणी उचलून पाहिली आणि म्हणाली, "ही आमची उलटीच." झालं. तेव्हापासून ती उलटी. भाजी नको म्हणाली तर उलटी, गणितात पहिली आली आणि चित्रकलेत नापास झाली तर उलटी, घरच्यांनी बघितलेल्या मुलाला नाही म्हणून स्वतः बघितलेल्याशी लग्न केलं तर मग काय, उलटीच. ठकी झाल्यावर नोकरी सोडली, तेव्हाही. तिने ते नाव अंगावर घालून घेतलं होतं, मोठ्या बहिणीचा जुना स्वेटर घालावा तसं. ढगळ, पण ऊब देणारं. आता या निळ्या फोडीकडे बघताना तिला वाटलं, हे सगळं एका खुर्चीचं होतं. शेजारी बसले असते तर सुलटी झाले असते.

नवरा संध्याकाळी आला, त्याने सगळं ऐकून घेतलं, दोन फोडी हातात धरून मुलाच्या कुतूहलाने फिरवून पाहिल्या आणि म्हणाला, "सोपं आहे की. आईंच्या फोडी बाजूला ठेव. अख्खा गोळा तू नवा कर, तुझ्या पद्धतीने. नव्वद म्हणजे काय, बारा झाल्यातच, ठकीला मी बघतो, तू चार दिवसांत करशील. टांगल्यावर कुणाला कळणार आहे?"

"मला," ती म्हणाली.

"तुला तर सगळंच कळतं," तो म्हणाला, आणि ठकीला खांद्यावर घेऊन गॅलरीत गेला. त्याचं बरोबर होतं आणि म्हणूनच तिला राग आला. नवा गोळा चारच दिवसांचं काम. पण मग दारावर टांगलेला गोळा आईचा नसता. आईच्या अठ्ठावन्न फोडी डब्यात राहिल्या असत्या, आणि त्या हाताने आता आणखी एकही होणार नव्हती.

मंगळवारी दुपारी तिने उलट घालायचा प्रयत्न केला. उलट्याचं उलट. ऐकायला वाटतं, डावीकडचं उजवीकडे, संपलं. पण हाताला ऐकवायचं कसं? हात हा फार जुना नोकर असतो. मालकिणीपेक्षा त्याला घराची जास्त माहिती. डोकं म्हणायचं डावा कोपरा, आणि डोक्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत बोटांनी उजवा वळवून, खोचून, नखाने दाबूनही टाकलेला असायचा. तिने कपाटाच्या आरशासमोर बसून पाहिलं, तर घेरीच आली. कागदावर पेन्सिलीने खुणा करून पाहिलं. फोड झाली, पण खुणा बाहेर दिसत राहिल्या, परीक्षेत कॉपी केल्यासारख्या. दीड तासात तीन फोडी. त्यातली एकच आईच्या फोडीशी जुळली, आणि तीही घट्ट नाही. उरलेल्या दोन तिने फाडल्या, शांतपणे, चार-चार तुकडे करून, म्हणजे पुन्हा मोहात पडून वापरायला नकोत. तेवढ्यात फोन वाजला. ठकी दचकून उठली आणि रडायला लागली. दादाचा नंबर, पण आवाज आईचा. झटक्यापासून आईची जीभ थोडी जड झाली होती, शब्द ओलसर यायचे, तिखटपणा मात्र तसूभर कमी झाला नव्हता.

"मालकांचा फोन आला होता," आई म्हणाली. "म्हणाले, मावशी, नाही जमलं तर राहू द्या. त्यांनी तयार गोळा आणून ठेवलाय. प्लास्टिकचा." थोडं थांबून ती म्हणाली, "आतून दिवा लागतो म्हणे."

त्या 'म्हणे'त सव्वीस वर्षांचा कागद होता.

"जमणार आहे," ती म्हणाली.

"किती झाल्या?"

"एक."

"पोरगी का रडतेय?" आई म्हणाली. " तिला घे आधी."

बुधवारी तिने ठकीला कडेवर घेतलं, कागदांची पिशवी खांद्याला अडकवली आणि दादाच्या घरी गेली. दादा कामाला, वहिनी बँकेत. आई खिडकीपाशी, उजवा हात मांडीवर उशीवर ठेवलेला, दुसऱ्याच कुणाचा तरी सांभाळायला दिल्यासारखा. टेबलाला दोनच खुर्च्या होत्या, समोरासमोर. तिने एक उचलली आणि फेरी मारून आईच्या डाव्या हाताशी आणून ठेवली. आई बघत होती.

"इकडे कशाला? उजेड तिकडे आहे."

"असू दे. मला शिकव."

"काय शिकवू? शिकवलंय की सगळं."

"नाही शिकवलंस. मी समोर बसून बघितलं." तिने पिशवीतून दोन फोडी काढून आईच्या पुढ्यात ठेवल्या, एक आईची, एक आपली. "हे बघ. सगळं आरशातलं आलंय मला. तुझ्या फोडींत माझी एकही जात नाही."

आईने डाव्या हाताने दोन्ही फोडी एकमेकींवर ठेवल्या, पुन्हा बाजूला केल्या. तिच्या चेहऱ्याची एक बाजू हल्ली थोडी मागे राहायची; हसली तर अर्ध्याने हसायची. आता ती हसली नव्हती.

"म्हणजे यामुळे उलटं," आई म्हणाली. "मला वाटायचं तू मुद्दाम करतेस."

"चार वर्षांची होते मी."

"चार वर्षांची होतीस तेव्हाही तू मुद्दामच सगळं करायचीस."

तिला हसू यायला हवं होतं. पण इतके दिवस जे विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तेच तिच्या तोंडून गेलं. "मला का नाही शेजारी बसवलंस? एक दिवस तरी. दादाला रोज."

"दादा ढ होता," आई म्हणाली, लगेच, जणू हे उत्तर कित्येक वर्षं तयार ठेवलेलं होतं आणि कुणी विचारलंच नव्हतं. "शेजारी नसता बसवला तर त्याने एक ओळ लिहिली नसती. माझं कोपर त्याच्या वहीवर असायचं, ते काय प्रेमाने? वही उडू नये म्हणून. तो उडू नये म्हणून." ती दमली, थांबली. "तुझं तुला येत होतं. वर मान केली की समोर तू दिसायचीस. मला तेवढंच बघायला वेळ असायचा."

तिने कागद घेतला, हिरवा, सोनेरी किनारीचा, आणि मधोमध घडी घातली. या उत्तराचं काय करायचं ते तिला कळेना. मायेचं म्हणावं तर त्यात तिच्या वाट्याला आलेली खुर्ची तीच होती. आणि अन्यायाचं म्हणावं तर आईने दिवसभरातून एकदा वर केलेली मान तिच्यावरच थांबत होती. दोन्ही खरं होतं आणि दोन्ही एकत्र बसत नव्हतं. कागदाचं बरं असतं. कागद दोन्हींतलं एक मागतो.

"माझ्या बाजूचा कोपरा," आई म्हणाली. "तुझ्या नव्हे, माझ्या. हा, तो. सावकाश. घडी बोटाने घालतात, नखाने नाही, नख शेवटी. अगं, खिडकीकडे नको. पुन्हा चाललीस खिडकीकडे."

"हात जातोय."

"त्याला जाऊ देऊ नकोस. हात आहे का बैल?" आणि आईने आपला डावा हात तिच्या मनगटावर ठेवला. जड नाही, हलकाच. दादाच्या वहीवर कोपर असायचं तसा.

ठकी खाली जमिनीवर बसून चंदेरी कागदाला छिद्रं पाडत होती. दोन तासांत सहा फोडी झाल्या. चौथीपासून आईने बोलणं बंद केलं, फक्त हात ठेवलेला. सहावी घालताना तिच्या लक्षात आलं की आई झोपली आहे, आणि हात बरोबर जातो आहे.

मग तिने बाकीचं सगळं बाजूला सारलं. फरशी पुसायची राहिली, धुतलेल्या कपड्यांचा डोंगर खुर्चीवर तसाच उभा राहिला, मैत्रिणीचा फोन तिने उचलला नाही. ठकी झोपली की टेबल. ठकी उठली की ठकी. ठकी बाहुल्यांना ओळीने निजवत असली की पुन्हा टेबल, उभ्या-उभ्या. गुरुवारी दुपारी अकरा. त्यातली एकही फाडावी लागली नाही. हात अजून प्रत्येक फोडीला एकदा खिडकीकडे निघायचा. ती त्याला थांबवायची, तो थांबायचा, दोघं मिळून वळायचे. मजा अशी की तिला आता आपली जुनी पद्धत आठवून बघायलाही वेळ लागू लागला होता, आणि त्याने तिला थोडं वाईट वाटलं. समोर बसलेली ती हनुवटी टेकवलेली मुलगी कुठेतरी जाते आहे असं वाटलं. पण तिला थांबवून धरण्याची ही वेळ नव्हती. शुक्रवारी सकाळी ठकीला भात भरवताना एका हाताने कागद दाबत तिने शेवटच्या चौदातल्या पहिल्या चार संपवल्या, आणि दुपार व्हायच्या आत बत्तीसावी.

जोडायला बसली तेव्हा ठकी झोपायला तयार नव्हती. "मी पण," म्हणाली. तेव्हा तिने एक काम नेमून दिलं: पत्र्याच्या डब्यातली एक आणि बुटांच्या खोक्यातली एक, अशी आळीपाळीने फोड द्यायची. आजीच्या डब्यातली, आईच्या खोक्यातली. ठकीने ते काम पुजाऱ्याच्या गांभीर्याने केलं. जीभ खिशात, खिसा जिभेवर, तीन मिळून टोक. कुठे पाच टोकं एका जागी यायची, कुठे सहा. एकही फोड निसटली नाही. वाडगा वर चढत गेला, तोंड लहान होत गेलं, आणि तिच्या पाठीत कळ भरली तरी ती उठली नाही.

आजीच्या डब्यातल्या शेवटच्या चार-पाच फोडी आल्या तेव्हा बोटांना काहीतरी लागलं. तिने सोनेरी फोड उजेडात धरली. मधली घडी दोनदा घातलेली होती. एक घडी घसरली होती, ती उघडून तिच्या शेजारी केसाएवढ्या अंतरावर दुसरी. तिच्या आधीच्या फोडीतही तसंच, पण पुसट. तिच्या आधीच्या फोडीत त्याहून पुसट. आईने आयुष्यात कधी एका कागदाला दोनदा घडी घातली नव्हती. ती म्हणायची, कागद विसरत नाही. कप सकाळी सुटला, सगळे म्हणाले अचानक झालं. पण ज्या दिवसांत या फोडी घातल्या होत्या, त्या दिवसांत आई फोनवर विचारायची, ठकीचा खोकला कसा आहे, दूध पिते का, आणि ही सांगायची, आणि मग दोघी फोन ठेवायच्या. आईचा हात तेव्हाच निघून चालला होता. आणि आईने घसरलेली घडी उघडली, शेजारी दुसरी घातली, फोड डब्यात उभी केली, आणि कुणाला काही सांगितलं नाही.

"आई, देऊ?" ठकी म्हणाली.

"दे, बाळा," ती म्हणाली, आणि ती सोनेरी फोड तिने गोळ्यात खोचली. ती घट्ट बसली.

संध्याकाळी ती गोळा खोक्यात घालून दादाच्या घरी घेऊन गेली. सकाळी दादा तो दुकानात पोचवणार होता. दादाने तो दोन्ही हातांवर तोलून पाहिला, "आयला," म्हणाला, आणि आईच्या मांडीवर अलगद ठेवला. आईचा डावा हात गोळ्यावरून फिरत होता, टोकावरून टोकावर, दळण घेताना पिठाचा कस बघावा तसा. ठकी आजीच्या गुडघ्याला चिकटून उभी होती. मग हात थांबला. एका फोडीवर बोट टेकवून आई लेकीकडे बघून हसली, अर्ध्या चेहऱ्याने, पण पूर्ण हसली.

"ही तुझी."

ती सोनेरी होती.

"कशावरून?" तिने विचारलं, आवाज शक्य तेवढा सरळ ठेवून.

"घडी दोनदा घातलीस. किती वेळा सांगितलंय, कागद विसरत नाही. मन कुठे होतं?"

"ठकीकडे," ती म्हणाली. "माझीच आहे ती."

"बाकी मात्र ओळखू येत नाहीत," आई म्हणाली, आणि तिचा चेहरा असा निवला की लेकीला तो तसा आठवणीतही कधी दिसला नव्हता. "ही एकच. तीही उलटीची म्हणून ओळखली. बाकी सगळ्या अगदी माझ्या हातच्या."

ठकीने टाचा उंचावून त्या फोडीकडे पाहिलं. मग आजीकडे, मग आईकडे. तिच्या कपाळावर बारीकशी आठी पडली.

"पण ही तर आजीच्या डब्यातली ना? मीच दिली होती," ठकी म्हणाली. "हो ना गं, आई?"